साथीच्या काळात नॅरोबोट घेऊन कालव्यावर निघताय? या चुका टाळा

हॉटेल नको, विमान नको, गर्दी नको. मग इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीतच, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या लांब, अरुंद बोटीतच राहू, असं २०२० मध्ये अनेकांना वाटलं. पुन्हा साथ आली की पुन्हा वाटेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त बोट वेगळी असली तरी पाण्याचा नळ, संडासाची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करायची जागा, कचराकुंडी आणि लॉक (पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे टप्पे) सगळ्यांचे एकच असतात. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

‘बिघडलंच तर लगेच परतू’

लगेच परतता येत नाही. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. जाणते लोक मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागतात, तेवढे तास धरतात. १२ मैल आणि १८ लॉक, म्हणजे दहा तास. शिवाय ५७ फुटी बोट अरुंद कालव्यात वाटेल तिथे वळत नाही. त्यासाठी वाइंडिंग होल, म्हणजे मुद्दाम रुंद ठेवलेली जागा गाठावी लागते, आणि ती कधी कधी बरीच पुढे असते. नकाशावर या जागा निघण्याआधीच खुणा करून ठेवा. दोघंच असाल तर एक आजारी पडल्यावर दुसऱ्याला सगळे लॉक एकट्याने पार करावे लागतील, हेही धरून चला. ग्रँड युनियन कालव्यावर हॅटनला एकापाठोपाठ २१ लॉक आहेत. तापातून उठलेल्या माणसाने तिथे हात घालू नये. लॉकमधून खाली उतरताना दमलेल्या माणसाचं लक्ष चुकतं, बोटीची मागची बाजू सिलवर, म्हणजे लॉकच्या वरच्या दाराखालच्या पाण्यात बुडालेल्या उंबऱ्यावर, अडकते आणि बोट बुडू शकते.

डोकेदुखी म्हणजे साथच, असं धरून चालणं

ही चूक जिवावर बेतते. डोकं ठणकतं, मळमळतं, गरगरतं, अंगात त्राण उरत नाही. साथ चालू असताना पहिला संशय विषाणूचाच येतो. मग माणूस दारं-खिडक्या लावून घेतो, स्टोव्हमध्ये आणखी कोळसा घालतो आणि पांघरूण ओढून पडून राहतो. पण कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली तरी नेमकं हेच होतं. या वायूला रंग नाही, वास नाही. स्टोव्हच्या दाराची फट बंद ठेवणारी दोरी झिजली, धुरांडं तुंबलं, शेजारच्या बोटीच्या इंजिनाचा धूर आत आला, एवढं कारणही पुरतं.

ओळखायचं कसं? विषबाधेत ताप येत नाही. बोटीवरच्या सगळ्यांना, अगदी कुत्र्यालाही, साधारण एकाच वेळी त्रास होतो. काठावर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटू लागतं. शंका आली तरी आधी सगळे बाहेर पडा आणि ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. नुसतं बरं वाटलं म्हणून परत आत जाऊ नका. एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींना सुरक्षा तपासणीसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. तो नुसता लावलेला पुरत नाही, बटण दाबून तपासायला हवा. छतावरची मशरूम व्हेंट आणि दाराखालचे झरोके थंडी लागते म्हणून कापड कोंबून बंद करू नका. साथ हवेतून पसरणारी असेल तर तीच खेळती हवा दुहेरी उपयोगाची.

लॉकमध्ये जोडीने शिरणं

ग्रँड युनियन कालव्याचे रुंद लॉक १४ फुटी आहेत. दोन बोटी शेजारी-शेजारी बसतात, पाणी वाचतं, एरवी ही चांगलीच सवय. पण दोन्ही सुकाणूधारी हाताच्या अंतरावर येतात, म्हणून साथीत एकट्यानेच जा. स्वतःचं विंडलस, म्हणजे लॉकच्या झडपा उघडायचा दांडा, वापरा, लॉक झाल्यावर हात धुवा. कालव्याच्या पाण्यात नव्हे. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

टाकीत पाणी आहे, म्हणून पुढे जाणं

नळ दिसला की टाकी भरा, एल्सन पॉइंट (कॅसेट रिकामी करायची जागा) दिसला की कॅसेट रिकामी करा, गरज नसली तरी. कॅसेट दोघांना जेमतेम दोन-तीन दिवस पुरते. आजारपणात बोटीतच अडकलात तर जास्तीची एक कॅसेट सोन्याहून मोलाची ठरते. बोट बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं शिळं पाणी काढून ताजं भरा.

नियम सगळीकडे एकच समजणं

लँगोलन कालवा इंग्लंडमधून वेल्समध्ये जातो. २०२० मध्ये इंग्लंडने ४ जुलैपासून रात्रीच्या मुक्कामाची मुभा दिली, वेल्सने ११ जुलैपासून. त्या आठवड्यात सीमा ओलांडणाऱ्याला हे माहीत असणं भाग होतं. एका जागी १४ दिवसांहून जास्त न थांबण्याची अट कालव्यांची देखभाल पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने मार्च २०२० मध्ये तात्पुरती स्थगित केली होती. तशी सूट पुढच्या वेळीही मिळेल असं गृहीत धरू नका. आजारी असाल तर मुदत संपायच्या आत ट्रस्टला कळवून परवानगी मागा.

आपण कुठे आहोत हे न सांगता येणं

रुग्णवाहिकेला ‘कालव्यावर’ एवढं सांगून भागत नाही. कालव्यावरच्या पुलांना क्रमांक असतात. कालव्याचं नाव, जवळच्या पुलाचा क्रमांक, गाडी येऊ शकेल असा रस्ता आणि बोट कोणत्या काठाला आहे, हे चार तपशील कागदावर लिहून दाराशी लावा. मुक्काम बदलला की कागद त्याच संध्याकाळी बदला, आणि फोनला रेंज कुठे मिळते तेही खाली लिहा.