घरचे बर्गर फ्रीजरमध्ये साठवताना आणि भाजताना या चुका टाळा

फ्रीजरमध्ये ठेवलेला पदार्थ निर्जंतुक होतो, हा समज बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे. उणे 18 अंश सेल्सिअसला जीवाणूंची वाढ थांबते, पण त्यांतील बरेचसे जिवंत राहतात आणि टिक्की कोमट होताच पुन्हा वाढू लागतात. शिवाय मांसाच्या अखंड तुकड्यावर जीवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात. त्यामुळे खिमा फ्रीजरमध्ये जाण्यापूर्वी किती वेळ उष्णतेत राहिला, याला सर्वाधिक महत्त्व आहे.

नागपूरकरांची पहिली चूक म्हणूनच स्वयंपाकघरात नव्हे, तर बाजारात होते. कच्चे मांस फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असल्यास ही मर्यादा एका तासावर येते, असा सर्वमान्य नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मोमिनपुऱ्यातून खिमा घेऊन, वाटेत किराणा आणि भाजी आटोपून, स्कूटरच्या तापलेल्या डिक्कीतून तो घरी आणला, तर तो एक तास रस्त्यातच संपतो. खिमा सकाळी आणि सर्व खरेदीच्या शेवटी घ्यावा व बर्फ घातलेल्या डब्यातून आणावा. टिक्क्या वळताना स्वयंपाकघरात कुलर चालू असला, तरी त्या वाऱ्याने आपल्याला बरे वाटते एवढेच. खिम्याला त्याचा काही उपयोग नाही. लागेल तेवढाच खिमा बाहेर काढून उरलेला फ्रिजमध्येच राहू द्यावा.

वळताना दोन गोष्टी बिघडतात. मीठ आधीच घालून खिमा खूप मळला, की मांसातील प्रथिने सुटून एकमेकांना घट्ट धरतात आणि टिक्की रबरासारखी चिवट होते. म्हणून मीठ भाजण्याच्या वेळी वरून लावावे. कच्चा कांदा पिळून न घातल्यास त्याचे पाणी सुटते आणि टिक्की तव्यावर फुटते. जाडी सुमारे दीड सेंटिमीटर ठेवून मध्यभागी अंगठ्याने हलका खळगा करावा, म्हणजे ती भाजताना फुगत नाही. टिक्क्या ताटात सुट्या मांडून आधी कडक गोठवाव्यात आणि मगच मध्ये बटर पेपर घालून, हवा काढलेल्या पिशवीत एकावर एक रचाव्यात. ओल्या टिक्क्यांचा ढीग थेट आत ठेवला, तर त्याचा मध्यभाग फार उशिरा गोठतो. पिशवीवर तारीख लिहावी आणि तीन-चार महिन्यांत टिक्क्या संपवाव्यात. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र बहुधा उणे 18 अंश तापमान राहत नाही, त्यामुळे तेथे इतका लांबचा साठा करू नये.

वीज गेल्यावर दार वारंवार उघडून पाहणे टाळावे. पूर्ण भरलेला बंद फ्रीजर सुमारे 48 तास, तर अर्धा भरलेला 24 तास थंड राहतो. वीज आल्यावर टिक्क्यांत बर्फाचे कण शिल्लक असतील, तर त्या पुन्हा गोठवता येतात. पूर्ण वितळून कोमट झालेल्या टिक्क्या निःसंकोच टाकून द्याव्यात, मग मटणाचा भाव काहीही असो.

गोठलेल्या टिक्क्या ओट्यावर ठेवून वितळवण्याची सवय सोडली पाहिजे, कारण आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचा थर धोक्याच्या तापमानात पोचतो. आदल्या रात्री फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ताटात त्या ठेवाव्यात. पातळ टिक्की न वितळवताही तव्यावर टाकता येते. फक्त आच मंद ठेवून, झाकण घालून, नेहमीच्या सुमारे दीडपट वेळ द्यावा लागतो. आच मोठी ठेवली, तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

टिक्की शिजली की नाही, हे रंगावरून ठरवणे ही सर्वांत घातक चूक होय. खिमा पुरेसा तापण्याआधीही तपकिरी दिसू शकतो आणि सावजी मसाला घातलेला असेल, तर रंगावरून काहीच कळत नाही. स्वयंपाकाच्या थर्मामीटरची सुई टिक्कीच्या कडेतून आडवी, मध्यापर्यंत खुपसावी. मटणाच्या खिम्यासाठी 71 अंश आणि चिकनसाठी 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. सराट्याने टिक्की दाबण्याचा मोह मात्र आवरावा, कारण रस निघून जातो आणि ती कोरडी पडते.

बटाट्याची टिक्की पाणचट होण्याची तक्रार वेगळी आहे. उकडलेल्या बटाट्यातील पाणी गोठून पुन्हा सुटते. बटाटे सालीसकट उकडून, पूर्ण वाफ जाऊ देऊन, पोह्यांची किंवा ब्रेडची भुकटी मिसळल्यास आणि टिक्की हलकी परतून, थंड करून गोठवल्यास फरक पडतो.

ज्या ताटात कच्च्या टिक्क्या होत्या, त्यातच भाजलेल्या काढू नयेत. हात आणि सराटा मध्येच साबणाने धुवावा. बन वेगळे गोठवता येतात. कोशिंबिरीची पाने, टोमॅटो आणि मेयोनीज मात्र कधीही गोठवू नयेत. उरलेल्या भाजलेल्या टिक्क्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात आणि खाण्यापूर्वी त्या पुन्हा 74 अंशांपर्यंत तापवाव्या लागतात.