वाफेचं छोटं इंजिन चालवताय? या चुका टाळा

४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणाऱ्या मॉडेल रेल्वेचं, गॅसवर पाणी तापवणारं इंजिन अडलं की बरेच जण आधी पाना हातात घेतात. जरा थांबा. दोष बहुतेकदा तेल, पाणी किंवा गॅस भरण्यात असतो.

सगळ्यात जास्त घोळ तेलाचा. शिलाई मशीनचं तेल आसांना चालतं, ल्युब्रिकेटरला (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीला) नाही. तिथे ४६० किंवा ६८० ग्रेडचं जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवं. ल्युब्रिकेटरमध्ये वाफ शिरते, तिचं पाणी होऊन तळाला बसतं आणि वर तरंगणारं तेल वाफेबरोबर सिलिंडरकडे, म्हणजे वाफ जिथे दट्ट्या ढकलते तिथे, जातं. त्यामुळे गाडी थांबल्यावर आत बरंचसं पाणीच उरतं. ते सिरिंजने काढल्याशिवाय नवं तेल मावतच नाही, आणि पुढच्या खेपेला सिलिंडर कोरडे घासतात. धुराड्याच्या काठावर बोट फिरवून बघा (थंड झाल्यावर): ओशट लागलं तर तेल पोचतंय.

सांगलीकडचं बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालूच नका, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या. साताऱ्यात पहिल्या सरी सोडून धरलेलं, नीट गाळलेलं पावसाचं पाणीही उत्तम. बॉयलर काठोकाठ भरून थोडं पाणी परत काढा, वाफेला जागा लागते. आणि गॅस नेहमी पाण्याआधी संपला पाहिजे. पाणी न घालता नुसता गॅस भरून पुन्हा पेटवलंत, तर बॉयलर कोरडा तापून कायमचा जाईल.

लायटरचा ब्युटेन वापरा. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब या टाकीला झेपणारा नाही. डिसेंबरच्या सकाळी साताऱ्यात ज्योत मरगळते, तेव्हा टाकीला कोमट पाण्याचा शेक पुरतो. सांगलीच्या मे महिन्यात उलट, गॅस अगदी कमी उघडा. पेटवल्यावर ज्योत बर्नरकडे न जाता धुराड्याच्या बुडाशीच जळत राहिली तर रंग करपतो; गॅस बंद करून पुन्हा पेटवा.

मिरजेहून नॅरोगेजची गाडी सुटताना चाकांपाशी पांढरा फवारा उडायचा, तो ड्रायव्हर कॉक (निचऱ्याची तोटी) उघडून सिलिंडरमधलं पाणी काढायचा म्हणून. छोट्या इंजिनांना बहुधा असे कॉक नसतात. म्हणून सुरुवातीला रेग्युलेटर (वाफ सोडायची झडप) किंचित उघडून गाडी पुढे-मागे करत हलक्या हाताने ढकला. पाणी दाबलं जात नाही. जोर केलात तर दट्ट्याचा दांडा वाकेल.

जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक असलेला भाग) तुंबला तर सुई घालू नका, भोक मोठं होतं. उलट्या बाजूने गॅसचा झोत मारा. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू मात्र कोणत्याही कारणाने आवळायचा नाही.