साताऱ्याहून पुण्याला बार मिट्झ्वा: आधी तिथी, मग गाडी

बार मिट्झ्वा म्हणजे ज्यू मुलाचे धर्माने जाणते होणे. तेरा वर्षे पूर्ण होऊन चौदावे लागले की मिट्झ्वांची, म्हणजे धर्माज्ञांची, जबाबदारी मुलाची; समारंभ होवो न होवो. मुलींसाठी हे वय बारा. वर्षे मात्र हिब्रू पंचांगाने मोजायची, आणि घोटाळा इथेच होतो.

समजा जन्म 10 जानेवारी 2014 चा, दिवसाचा. हिब्रू तिथी शेवात महिन्याची 9. तेरा वर्षांनी ती 17 जानेवारी 2027 ला, रविवारी येते. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर 10 शेवात, म्हणजे सोमवार 18. इंग्रजी वाढदिवस धरून 11 तारखेच्या सोमवारी पुणे गाठलेत, तर मुलगा अजून बाराच वर्षांचा. मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत तो धरत नाहीत. तेव्हा जन्माची वेळ आजीला विचारा. अदार महिन्यातला जन्म असेल तर आणखी जपा: आपल्या अधिक महिन्यासारखा तिथे दुसरा अदार येतो. साध्या वर्षात जन्मलेल्याचे तेरावे अशा वर्षात पुरे झाले, तर दुसरा अदार धरायचा.

वार सोमवार किंवा गुरुवार घ्या. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, शब्बाथला, शनिवारीही वाचतात, पण शब्बाथला गाडीत बसायचे नाही आणि तेफिलीनही (दंडावर व डोक्यावर पट्ट्यांनी बांधायच्या धर्मवचनांच्या पेट्या) बांधायची नाही. शिवाय सोमवारी हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा) नसते. पाठांतराचे निम्मे ओझे उतरते. साताऱ्याहून पुणे सुमारे 110 किलोमीटर, सांगलीहून दुप्पट. प्रार्थना सकाळची, आणि खंबाटकी घाट कुणासाठी थांबत नाही. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. कॅम्पातले लाल देऊळ हे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) असो की रास्ता पेठेतले, त्या सकाळी दहा पुरुष येणार का हे आधी पक्के करा.

तेफिलीनचा सराव महिनाभर आधी सुरू करा. घड्याळ काढा, बाही दंडावर चढवा. त्वचा आणि तेफिलीन यांत काही नको. उजवखोऱ्याने डाव्या दंडावर बांधायचे, पेटी हृदयाकडे झुकलेली. सेफारदी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रिवाजात बराखा (आशीर्वचन) एकच, दंडाचा पट्टा आवळण्याआधी. मग कोपराखाली सात वेढे, मग डोक्यावर. शेवटी मधल्या बोटाला तीन. बहुतेक मुले पेटी कपाळावर ओढतात; ती केसांच्या रेषेवरच हवी, गाठ मानेच्या वरच्या खळग्यात. पट्ट्याची काळी बाजू बाहेर. काढताना उलट क्रम.

तोरासमोर मुले घाईत चुकतात: «बारेखू» (स्तुती करा) म्हटल्यावर मंडळींचे उत्तर येऊ द्या, तेच पुन्हा म्हणा, मगच बराखा.

मलिद्याला, म्हणजे समारंभाच्या गोड पोह्यांना, अर्धा किलो पोहे, एक मोठा नारळ, वाटीभर साखर, वेलची, वर सांगलीचे बेदाणे. पोहे नीट निथळल्याशिवाय खोबरे घालू नका, लगदा होतो.