बासच्या एकाच जॅकमधून दोन लाइनी

जळगावात लग्नसराईच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. तारांचा कंप पकडणारे पिकअप दोन: मानेकडच्याचा घुमारा स्वच्छ हवा, ब्रिजकडच्याला (तारा जिथे खाली टेकतात तिकडच्याला) डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाज. हे एका लाइनीत जमेना. बास जाझ पद्धतीचा, म्हणजे दोन व्हॉल्यूमची बटणं, एक टोनचं. केबल घालायचा मोनो जॅक काढून स्टिरिओ टाकला: मानेकडचा टिपला (टोकाला), ब्रिजकडचा रिंगला (मधल्या कड्याला), ग्राउंड स्लीव्हला (मागच्या नळीला). पुढे वाय केबल, एकाच्या दोन लाइनी करणारी.

खरी मेख साध्या केबलची. मोनो पिन घातली की रिंग थेट ग्राउंडला भिडते, ब्रिज पिकअप मुका. त्यात टिप-रिंग नुसती जोडली तर सगळंच गप्प! म्हणून तीन पायांचा छोटा स्विच: मधल्या पायाला ब्रिजच्या व्हॉल्यूमची वायर, एका बाजूला रिंग, दुसऱ्या बाजूला टिप. मोनोसाठी स्विच टिपकडे केला की रिंग मोकळी राहते. टोन टिपकडेच ठेवला.

शेजारचा रेडिओवाला म्हणे, "भो, एका बासले दोन लाइनी कशाले?" दोन्ही आवाज ऐकल्यावर गप्प बसला.

एक मात्र आहे. दोन्ही पिकअप एकत्र असताना एकमेकांची घरघर मारतात. वेगळे केले की ती येते. आतल्या खाचेला तांब्याची पट्टी चिकटवून ग्राउंडला जोडली, बरीच कमी झाली. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी काचपेपरने खरवडा, आणि मे महिना असला तरी पंखा बंद ठेवा.