थ्रीडी प्रिंटरचा पहिला थर नीट कसा बसवावा

घरी नवा थ्रीडी प्रिंटर आला की पहिली तक्रार ठरलेली असते, प्रिंट बेडला (ती ज्या सपाट पाटावर छापली जाते त्याला) चिकटतच नाही. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. गोंद लावा, हेअरस्प्रे मारा, तापमान वाढवा, बेडखालचे स्क्रू आवळा. हे सल्ले एका जुन्या काळातून आले आहेत. एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये बाथ विद्यापीठात रेपरॅप हा स्वतःचे भाग स्वतःच छापू शकणाऱ्या प्रिंटरचा प्रकल्प सुरू केला, २००९ मध्ये वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचण्याच्या तंत्राचं मूळ पेटंट संपलं आणि घरगुती प्रिंटर बाजारात येऊ लागले. त्या सुरुवातीच्या अनेक यंत्रांत बेड तापवायची सोयच नव्हती. त्यावर निळी मास्किंग टेप चिकटवूनच काम करावं लागे. आजच्या बहुतेक प्रिंटरना तापणारा बेड असतो आणि वर पीईआयचा (गरम असताना प्रिंट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकचा) पृष्ठभाग असलेली काढता येणारी प्लेट असते, तरी सल्ले मात्र तेच चालू आहेत.

पहिला थर बिघडतो तो बहुतेक वेळा तीनच कारणांनी: प्लेट मळलेली असते, उष्णता वरपर्यंत पोचलेली नसते किंवा नोझलची (वितळलेलं प्लास्टिक जिच्यातून बाहेर येतं त्या तोटीची) उंची चुकलेली असते. गोंदाने यातलं एकही दुरुस्त होत नाही. दोष झाकला जातो आणि पुढच्या मोठ्या प्रिंटच्या मध्यावर तो वर येतो.

आधीची कामं

मॉडेल उतरवून घ्या, स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा, आपल्या प्रिंटरचं आणि फिलामेंटचं (रिळावरच्या प्लास्टिकच्या तारेचं) तयार प्रोफाइल निवडा. सुरुवात पीएलए या सोप्या फिलामेंटनेच करा. नोझल ०.४ मिमीचा, थराची जाडी ०.२ मिमी, नोझलचं तापमान रिळावर छापलेल्या मर्यादेत (साधारण १९० ते २२० अंश सेल्सियस), बेड ६० अंश. पहिल्या थराचा वेग सेकंदाला २० ते ३० मिमी ठेवा आणि त्या थरापुरता पंखा बंद. यंत्राच्या खोक्यावर कितीही मोठा वेग छापलेला असो, पहिला थर सावकाशच घालायचा.

पहिला थर

प्लेट धुण्यापासून सुरुवात करा. धुण्यापासून म्हणतोय, पुसण्यापासून नाही. बोटांवरचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण प्लास्टिकला तेवढंही पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रोज पुसणं चांगलंच, पण प्लेट तेलकट झाली असेल तर एकाच फडक्याने पुसताना ते तेल निघण्याऐवजी पसरतं. प्लेट काढा, गरम पाणी आणि भांडी घासायच्या साध्या लिक्विडने धुवा, स्वच्छ कापडाने कोरडी करा आणि त्यानंतर फक्त कडांना धरा. पीईआयवर ॲसिटोन वापरू नका, पृष्ठभाग खराब होतो. अल्कोहोल तापलेल्या बेडवर ओतू नका, ते पेट घेतं.

मग बेड तापवा आणि थांबा. स्क्रीनवर ६० दिसतं ते बेडच्या खालच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरचं तापमान असतं. उष्णता प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत आणि चारही कोपऱ्यांत पोचायला वेळ लागतो. स्टीलच्या पातळ प्लेटला पाचेक मिनिटं द्या, काचेला दहा किंवा जास्त. तापल्यावर बेडचा आकारही किंचित बदलतो, म्हणून उंचीचं कोणतंही मोजमाप गार बेडवर करू नका. गार बेडवर जुळवलेली उंची गरम बेडवर खोटी ठरते.

आता नोझलची उंची. मलाही सगळ्यात जास्त हिनेच छळलं आणि याच बाबतीत सगळ्यात वाईट सल्ले फिरत असतात.

प्रसिद्ध पद्धत कागदाची: नोझल आणि बेड यांच्यामध्ये कागद सरकवायचा आणि तो किंचित अडकेल इतका नोझल खाली आणायचा. साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. 'किंचित अडकणं' म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक हात वेगळं ठरवतो आणि त्यात ०.०५ मिमीचा फरक सहज पडतो. थरच ०.२ मिमीचा असताना ०.०५ म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. त्यातच नोझलच्या टोकाला वाळलेल्या प्लास्टिकचा थेंब असेल तर तुम्ही मोजता ती त्या थेंबाची उंची. म्हणून कागद लावण्याआधी नोझल दीडशे अंशांच्या वर तापवून पितळी ब्रशने टोक साफ करा आणि ब्रशच्या तारा हीटरच्या वायरींना लागू देऊ नका. कागदाने मिळतो तो अंदाज. तिथे थांबू नका.

'माझ्या यंत्रात ऑटो लेव्हलिंग आहे, मला हे लागत नाही,' हा समज कागदापेक्षाही जास्त नुकसान करतो. सेन्सर बेडवर ठिकठिकाणी मोजून पृष्ठभाग कुठे उंच आणि कुठे खोल आहे याचा नकाशा करतो. पण सेन्सर नोझलच्या शेजारी बसवलेला असेल, तर त्याला बेड जाणवतो त्या क्षणी नोझलचं टोक बेडपासून किती दूर आहे, हे त्याला कळत नाही. ते अंतर म्हणजे झेड-ऑफसेट आणि ते तुम्हालाच भरावं लागतं. काही नव्या यंत्रांत नोझल स्वतःच बेडला टेकून दाब मोजतो. तिथे ऑफसेट बहुतेक वेळा आपोआप जुळतो, पण टोकावरच्या वाळलेल्या थेंबाने तेही मोजमाप फसतं.

ऑफसेट जुळवायचा तो वाहत्या प्लास्टिककडे बघून. स्लायसरमध्ये ७० मिमी बाजूचा आणि ०.२ मिमी जाडीचा, म्हणजे एकाच थराचा चौकोन करा. प्रिंट सुरू करा, प्रिंटरसमोर बसा आणि चालू प्रिंटमध्येच झेड-ऑफसेट ०.०२ मिमीच्या टप्प्यांनी बदला. बहुतेक यंत्रांत आकडा उणेकडे गेला की नोझल खाली येतो. प्रत्येक बदलानंतर चार-पाच रेघा जाऊ द्या आणि मगच मत बनवा. घाईने दोन-तीन टप्पे एकदम बदललेत तर कुठल्या आकड्याला काय झालं, हे कळणार नाही.

नोझल जास्त वर असेल तर रेघा गोल दोऱ्यांसारख्या सुट्या पडतात, मध्ये फटी दिसतात, गार झाल्यावर बोट फिरवलं की सुटतात. जास्त खाली असेल तर थर पातळ होतो, त्यातून बेड दिसतो, रेघांच्या कडांना प्लास्टिक वर उचलून उंचवटे होतात आणि नोझल पुढच्या फेरीत त्यांना खरवडत जातो. अगदीच खाली असेल तर प्लास्टिकला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि एक्स्ट्रूडरमधून (फिलामेंट पुढे ढकलणाऱ्या भागातून) टकटक ऐकू येते. ती ऐकू आली की लगेच नोझल वर घ्या, नाहीतर प्लेटवर कायमचा ओरखडा पडेल. बरोबर उंचीला रेघा चपट्या आणि एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, वरून हात फिरवला की गुळगुळीत लागतं, आणि गार झाल्यावर चौकोन उचलून वाकवला तरी रेघांमधून फाटत नाही.

एका जागेवरून निष्कर्ष काढू नका. लहान चौकोन मध्यभागी आणि चार कोपऱ्यांत ठेवून एकदा छापा. पाचही सारखेच बिघडले तर ऑफसेट चुकला आहे. मधला चांगला आणि एखादा कोपरा वाईट असेल तर ऑफसेटला हात लावू नका. बेड समतल नाही किंवा नकाशा जुना झाला आहे. स्क्रू जुळवा आणि गरम बेडवर पुन्हा मोजणी करा. एकाच चौकोनात इथे चिकटलं, तिथे सुटलं, असे ठिपके दिसले तर प्लेट मळलेली आहे. पुन्हा धुवा. हा फरक ओळखता येत नाही म्हणूनच माणसं एक स्क्रू, एक ऑफसेट, थोडा गोंद असं सगळं एकदम बदलत बसतात आणि दिवस संपतो.

गोंदाची खरी जागा वेगळी आहे. पीईटीजी हे फिलामेंट गुळगुळीत पीईआयला आणि काचेला गरजेपेक्षा फार घट्ट चिकटतं. प्रिंट काढताना पीईआयचा तुकडा किंवा काचेची कपची सोबत निघू शकते. तिथे गोंदकांडीचा पातळ हात आधी द्या. तो प्लेट आणि प्रिंट यांच्यात अडसर बनतो आणि प्रिंट सुखरूप सुटते. पीईटीजीसाठी नोझलही पीएलएपेक्षा जरासा वर ठेवा, नाहीतर प्लास्टिक टोकाला गोळा होऊन प्रिंटवर पडतं.

बाकीचं

पहिला थर नीट बसला की पुढचं काम यंत्राचं, पण नोझल दोनशे अंशांवर असताना घर बंद करून बाहेर जाऊ नका. थर चांगला असूनही नंतर कोपरे उचलले गेले तर ते प्लास्टिक गार होताना आकसल्यामुळे. स्लायसरमध्ये ५ मिमीचा ब्रिम (प्रिंटच्या तळाभोवतीची एका थराची पट्टी) लावा आणि प्रिंटरवर येणारा वारा अडवा.

प्रिंट गरम असताना ओढू नका. पीएलए गार झालं की पीईआयवरून बहुतेक वेळा आपोआप सुटतं, नाही सुटलं तर प्लेट काढून हलकेच वाकवा. नोझल बदलला किंवा वेगळ्या जाडीची प्लेट लावली की ऑफसेट पुन्हा जुळवावा लागतो. प्रत्येक प्लेटचा आकडा वेगळा लिहून ठेवा.