उंचीच्या दोन रास्टरांची जोडणी: भोकं आधी ओळखा, मग भरा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी रडारचा घोळ होतो. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून एसआरटीएम या रडार-मोहिमेची उंचीमोजणी झाली, तेव्हा उभ्या कड्यांच्या आडोशातून परतीची लहर नीट आली नाही आणि मूळ रास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक चौकोनात (पिक्सेलमध्ये) उंचीचा आकडा असलेल्या जाळीत, भोकं राहिली. त्या जागी -32768 हा आकडा भरलेला असतो. ही उंची नव्हे, ‘इथे माहिती नाही’ अशी खूण, म्हणजे नोडेटा, आहे. सॉफ्टवेअरला मात्र ते आपण सांगावं लागतं.

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ज्यात येतात तो 19 उत्तर, 73 पूर्वचा तुकडा घेऊ. भोकं कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या उंचीपटाने (पिक्सेल सुमारे 30 मीटरचा) बुजवू. सगळं काम क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्येच होतं.

आधी दोन्ही थरांच्या गुणधर्मांत किमान-कमाल आकडे बघा. कमाल 1646 च्या आसपास हवी, ती कळसूबाईची उंची. किमान -32768 दिसली, तर नोडेटा नोंदलेला नाही. ‘ट्रान्सलेट’मध्ये तो आकडा नोडेटा म्हणून नेमून नवी फाइल करा. ही पायरी टाळून प्रक्षेपण बदललंत, तर 600 मीटरच्या डोंगराशेजारचं भोक त्यात मिसळतं आणि सरासरी -16084 येते. मग तो आकडा कुठल्याच नोडेटाशी जुळत नाही आणि कड्याभोवती खड्ड्यांची माळ उभी राहते.

शून्याला नोडेटा करायचा मोह टाळा. कड्याजवळ फरक पडणार नाही, पण गोव्यातल्या खाजण शेतांची उंची समुद्रपातळीच्या आसपास असते. तिथे खरी जमीनच गायब होईल.

आता दोन्ही थरांची उंची एकाच पायावर आहे का ते तपासा. एसआरटीएम ईजीएम96 वर, कोपर्निकस ईजीएम2008 वर; ही समुद्रपातळी ठरवण्याची दोन वेगळी मॉडेलं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये पहिल्यातून दुसरा वजा करा. एका थरात नोडेटा असेल तिथे उत्तरही नोडेटाच येतं, म्हणून भोकं आपोआप वगळली जातात. उरलेल्या फरकाची सरासरी कोपर्निकसच्या थरात मिळवा. कंटाळवाणं वाटतं, पण हे न केल्यास भरलेल्या भोकाच्या कडेला पायरी राहू शकते.

मग दोन्ही थर जोडायला ‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’. ‘प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये’ (म्हणजे एकाच फाइलच्या वेगळ्या पदरात) ही खूण काढा, नाहीतर जोड होतच नाही. यादीत कोपर्निकस आधी, एसआरटीएम शेवटी: शेवटची फाइल वर बसते, तिच्या नोडेटातून खालची डोकावते.

तरी दोन-चार पिक्सेल रिकामे उरले, तर ‘फिल नोडेटा’ चालवा, अंतर दहा पिक्सेलांच्या आत ठेवून. मोठी भोकं त्याने भरू नका. कड्याचा घसरगुंडीसारखा उतार होतो.

शेवटी यूटीएम 43 उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणाऱ्या) पद्धतीने प्रक्षेपित करून हिलशेड, म्हणजे डोंगरांच्या सावल्यांचं चित्र, काढा. जोड चुकला असेल तर सावलीत रेघ दिसते.