युरोपात पाकीट सांभाळायचं तर: चोरखिसा, दोन कार्डं आणि एक कागद

पॅरिस, रोम, बार्सिलोना इथे पर्यटकाच्या अंगावर धावून कुणी सहसा येत नाही. पाकीट जातं ते गुपचूप, आणि कळतं अर्ध्या तासाने. 2013 च्या एप्रिलमध्ये पाकीटमारांच्या टोळ्यांना वैतागून लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी कामच थांबवलं, संग्रहालय दिवसभर बंद राहिलं. 2015 च्या मेमध्ये आयफेल टॉवरवरही तोच प्रकार झाला. तेव्हा निव्वळ सावधपणावर भिस्त नको. चोराच्या हाती लागलंच तर थोडकं लागावं, अशी सोय घरूनच करून निघायची.

पैशाचे तीन वाटे करा. माणशी 50-60 युरो पुढच्या खिशात. बाकीची रोकड आणि पासपोर्ट अंगावर, कपड्यांच्या आत. दुसरं कार्ड आणि 100-200 युरो हॉटेलात. सगळ्यांचे पासपोर्ट बाबांच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायची आपल्याकडची पद्धत मात्र मोडा. एका चोरीत अख्खं घर अडकतं.

आत ठेवायला चोरखिसा हवा. विकतचे नायलॉनचे पट्टे घामाने चिकटतात, मग माणूस दुसऱ्याच दिवशी काढून बॅगेत टाकतो. कोपऱ्यावरचा शिंपी मांजरपाटाचा शिवून देईल. आपला पासपोर्ट 12.5 बाय 8.8 सेंटिमीटर असतो, म्हणून पिशवी आतून 15 सेंटिमीटर खोल आणि 11 सेंटिमीटर रुंद ठेवा, तोंडाला चेन. वरच्या कडेला दोन टोकांना पाच-पाच सेंटिमीटरचे दोन बंद, म्हणजे कापडी फासे, शिवून घ्या. पुरुषांनी ते कमरेच्या पट्ट्यात ओवून पिशवी पँटच्या आत सोडावी. सलवार किंवा परकर असेल तर नेफ्यातून नाडी थोडी बाहेर ओढून तिच्यात ओवायचे. पिशवी कपड्याला खालून शिवू नका: टाके बाहेरून दिसतात, आणि बसताना पासपोर्ट दुमडतो. नोटा आधी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर संध्याकाळी ओल्या निघतात.

चोरखिसा रस्त्यात उघडायचा नाही. पैसे काढायचे ते हॉटेलातून निघताना किंवा स्वच्छतागृहात. ‘पाकीटमारांपासून सावध’ ही पाटी वाचल्यावर आपला हात आपोआप खिशाकडे जातो. पाळतीवर असलेल्याला तेवढंच हवं असतं.

कुठे जपायचं? मेट्रोच्या दाराशी उभं राहून फोन बघू नका. दार बंद होता होता फोन हिसकावून चोर फलाटावर उतरतो आणि तुम्ही पुढच्या स्टेशनात. सरकत्या जिन्यावर पुढचा अचानक थांबला की मागचा तुमच्यावर आदळतो, त्याच धक्क्यात चेन उघडली जाते. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस यासाठी बदनाम आहे. पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटावर दोरा बांधायला येतात, तिथे हात खिशातच ठेवून चालत राहा. सहीसाठी पुढे धरलेला कागद, शर्टावर उडालेली घाण पुसायला आलेला भला माणूस, पाकीट तपासायला मागणारा साध्या वेशातला ‘पोलीस’: तिन्हींना एकच उत्तर, न थांबता पुढे. खऱ्या पोलिसाला तुमच्या नोटा मोजायच्या नसतात. आणि हॉटेलच्या नाश्त्याला प्लेट भरायला उठताना पर्स खुर्चीला अडकवून जाऊ नका. तिथे आपण सगळ्यात बेसावध असतो.

खोलीतली तिजोरी वापरण्याआधी एकदा तपासा. स्वतःचा आकडा टाकून बंद करा, मग 0000 आणि 000000 टाकून बघा. उघडली तर तिच्यात काही ठेवू नका. चेनच्या बॅगेचं कुलूप तर नावापुरतंच: बॉलपेनचं टोक खुपसून चेनचे दात उघडता येतात आणि तीच चेन पुन्हा सरकवून बंदही होते.

सोनं घरीच ठेवलेलं बरं. मंगळसूत्र घालायचंच तर खोटं चालेल. खरं नेणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना तेच दागिने नवे समजले जाणार नाहीत.

कार्डांचं काम निघण्याआधीच. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, पण रोजची मर्यादा कमी ठेवा. टॅप करून पैसे देण्याची सोय नको असेल तर बंद करा. फॉरेक्स कार्डासोबत (परकीय चलन आधी भरून न्यायचं कार्ड) जादा कार्ड मिळालं असेल तर ते दुसऱ्या बॅगेत. एका कागदावर कार्ड ब्लॉक करायचा बँकेचा +91 ने सुरू होणारा नंबर लिहा, कारण 1800 चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. त्याच कागदावर विमा पॉलिसीचा नंबर आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक (*#06# दाबल्यावर दिसतो). हा कागद फोनच्या कव्हरमध्ये नको. फोन गेला की ओटीपीही गेला, म्हणून घरच्या एकाला सिम बंद करायला सांगून ठेवा.

चोरी झालीच तर आधी कार्ड ब्लॉक, मग त्याच दिवशी पोलीस चौकी. तातडीचा नंबर युरोपीय संघात सगळीकडे 112. तक्रारीला इटलीत ‘देनुंचा’, स्पेनमध्ये ‘देनुन्सिया’ म्हणतात. शिक्क्याची प्रत मागून घ्या; तिच्याशिवाय विमा कंपनी दावा घेत नाही आणि भारतीय दूतावासातही ती लागते. पासपोर्ट गेला असेल तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते फक्त भारतात परतण्यापुरतं. पासपोर्टबरोबर व्हिसाही जातो, म्हणून पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान व व्हिसाचं पान यांच्या रंगीत प्रती आणि स्वतःचे पासपोर्ट आकाराचे दोन फोटो हॉटेलातल्या बॅगेत हवेत.